खमिराची माळ आणि बेकरीची बादली

त्या पांढऱ्या बादलीचं वागणं मला पहिल्या दिवसापासून पटलेलं नाही. घरात येऊन चार दिवस झाले नाहीत, तर चुलीशेजारची उबेची जागा बळकावून बसली, वर अंगाभोवती लोकरीची शाल. ती शाल या घरात माझ्या पिंपासाठी निघायची, मित्रांनो. माझ्या!

मी एक जुनी लाकडी माळ आहे, खमिराची. बर्चच्या लाकडाचे अठ्ठेचाळीस तुकडे एकात एक अडकवलेले, ना खिळा ना दोरा. या घरची मालकीण गुनवोर, तिच्या पणजोबांनी मला एका हिवाळ्यात कोरून घडवलं. बर्फाळ उत्तरेकडच्या वोस गावच्या या शेतावर बियर घरीच करतात. ती फसफसू लागली की मला फेसात बुडवायचे, मग काढून वाळवायचे. खमीर माझ्या फटींत झोपून राहायचं आणि पुढच्या खेपेला धान्याच्या गोड काढ्यात पडलं की जागं व्हायचं. लग्नं, बारशी, मर्तिकं, सगळ्यांची बियर माझ्या हातची. शेजारीपाजारी खमीर मागायला यायचे, तेव्हा मी खुंटीवरसुद्धा ताठ असायचे.

गुनवोरचे वडील गेले आणि मी पाच वर्षं नुसती लटकून राहिले. पाहुणे म्हणायचे, काय सुंदर शोभेची वस्तू आहे. शोभेची म्हणे!

मग गुनवोरला मुलगी झाली. बाप्तिस्म्याला बियर हवी, आणि दुकानातली तिच्या खिशाला झेपणारी नव्हती. तिने घरातच जुळवाजुळव केली. मुरंब्याचं मोठं पातेलं घेतलं, गाळायला जुना पडदा, वासाला घरामागच्या जुनिपरच्या झुडपाच्या फांद्या, आणि बेकरीवाल्याने फुकट दिलेली ही क्रीमची बादली. इथवर मी गप्प होते. पण खमीर तिने दुकानातून पुडीतलं आणलं, मी डोळ्यांसमोर लटकत असताना! बहिणीला फोनवर सांगत होती, त्या माळेत आता काय जिवंत असणार.

शेजारचे टोर्गिल्सकाका डोकावले. त्यांच्याकडे बियरचं चकचकीत स्टीलचं यंत्र आहे, आणि ते गावाला विसरू देत नाहीत.

"काय गं गुनवोर, लंगोट भिजत घातलेस का बादलीत?"

"हो काका, मग तुमच्या यंत्रात धुऊन देता का?"

उत्तर चोख होतं, पण काम चुकलं. वडिलांच्या सवयीने तिने काढा धारोष्ण दुधाइतका गरम असतानाच पुडी ओतली. ती ऊब माझ्या खमिराला सोसते, दुकानातलं नाजूक असतं. पुडीवर लिहिलं होतं, पण वाचतंय कोण! आणि खमीर घालताना इथे जोरात ओरडायची रीत आहे, जितकी आरोळी मोठी तितकी बियर तेज. बाळ झोपलंय म्हणून ही बाई कुजबुजली.

दुसऱ्या संध्याकाळपर्यंत फेसाचा एक बुडबुडा नाही. बादली आपली ढिम्म. खोटं कशाला सांगू, मला फार बरं वाटलं. मग गुनवोर तिच्याशेजारी जमिनीवरच बसली आणि रडू लागली. धान्य संपलं होतं, बाप्तिस्मा दहा दिवसांवर आला होता. तेव्हा माझं बरं वाटणं जरा ओसरलं.

तिने डोळे पुसले आणि मला खुंटीवरून काढलं. आता भीती मला वाटली. पाच वर्षांच्या कोरडेपणात आत काही उरलं नसेल तर? मग मी खरोखरच शोभेची. तिने काढा पुन्हा उकळला, धारोष्ण होऊ दिला आणि मला सोडलं, कुठे, तर त्या क्रीमवालीच्या पोटात! मग अशी ओरडली की खिडक्या थरथरल्या. बाळ जागं होऊन त्याहून मोठ्यांदा ओरडलं.

आत मी एकेक फट चाचपत राहिले. बराच वेळ काही नाही. मग एका फटीत गुदगुली झाली, मग शेजारच्या. बादली मात्र जराही हलली नाही. माझं जुनं पिंप सांध्यातून गळायचं, हिने थेंब सांडला नाही. सकाळी फेसाने झाकण उचललं.

आठव्या दिवशी टोर्गिल्सकाकांनी पेला तोंडाला लावला. तो रिकामा करून पुन्हा पुढे केला. मग हळूच म्हणाले, "गुनवोर, थोडं खमीर मिळेल का गं?"

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूला खुंटीवर टांगून तिचं कौतुक करू नका. तिला कामाला लावा, म्हणजे ती जिवंत राहील.

मी आता चुलीच्या वर टांगलेली वाळते आहे. खाली ती बादली, धुऊन पालथी घातलेली. तिला ऐकू जाईल अशा आवाजात मी म्हणाले, "हे बघ गं क्रीमवाले, शालीचं मी विसरलेली नाही. पण गळली नाहीस, ऊब धरून राहिलीस. पुढच्या खेपेलाही मी तुझ्याच पोटात उतरेन. तोवर तेवढा क्रीमचा वास घालव."