करडू सापडलं का?

आमच्या घराला डोंगरातल्या बायका 'बसायचं घर' म्हणतात. संस्थेने दारावरच्या पाटीवर चांगलं लांबलचक नाव रंगवून घेतलंय, पण ते वाचून होईपर्यंत बाई बाळंत होईल, असं आमची थोरली म्हणते. थोरली म्हणजे इथे परत परत येणारी, लेकुरवाळी आणि तोंडाने फटकळ. घराचं काम साधं आहे. वरच्या गावांमधून खाली उतरायची वाट वाईट, पूर्वी कळा सुरू झालेल्या बाईला झोळीत घालून आणायचे आणि ती वाटेतच अडायची. म्हणून दिवस भरत आले की तिने आधीच इथे येऊन राहायचं, पोटभर जेवायचं, सिस्टरकडून तपासून घ्यायचं. वेळ आली की पलीकडच्या खोलीत जायचं. प्रकरण अवघड असलं तर संस्थेची जीप उभीच असते, खाली शहरातल्या मोठ्या दवाखान्यात न्यायला.

जेवण फुकट, अंथरूण उबदार, कामाला हात लावायचा नाही. नेमकं हेच बायकांना सोसत नसे. खिडकीतून डोंगर दिसतो. सकाळी धुकं वर सरकायला लागलं की एकीला शेळ्या आठवत, दुसरीला धाकटा पोरगा, तिसरीला वाटे की आपल्या माघारी नवरा चूल पेटवताना घर पेटवून देणार. मग पोट सांभाळत एकेक जण मागच्या दाराने पसार. सिस्टर रस्त्यावर उभी राहून हाका मारी, आणि डोंगर तिच्याच हाका तिला परत करी.

मी इथे आले ती अक्षरं शिकवायला. जन्मभर शाळेत शिकवलं, निवृत्त झाल्यावर घरी बसून सुनेचं डोकं खाण्यापेक्षा हे बरं, असं सुनेचंही मत पडलं. सकाळी मी बायकांना पाटीवर अक्षरं गिरवायला लावते. औषधाच्या पाकिटावरचं वाचता यावं, होणाऱ्या मुलाचं नाव लिहिता यावं, एवढीच माझी हाव. पण अक्षरांनी कुणी थांबत नाही. थांबवलं ते गोष्टीने.

एका दुपारी सगळ्याच जणी पळायच्या बेतात दिसल्या, म्हणून मी आपली सुरुवात केली. एक म्हातारी होती. तिचं एक करडू होतं, पांढरं, कपाळावर काळा ठिपका, गळ्यात घंटा. एके दिवशी धुकं उतरलं आणि करडू दिसेनासं झालं. म्हातारी त्याला शोधायला निघाली. रोज ती एका घराचं दार वाजवते, रोज त्या घरातलं कुणीतरी म्हणतं, आत्ताच घंटा ऐकू आली होती, त्या तिकडे. मग म्हातारी तिकडे जाते. संध्याकाळ झाली की मी म्हणते, आता उद्या.

बस्स. मागचं दार वाजायचं बंद झालं.

शेवट काय, हे मला ठाऊक नव्हतं आणि मला त्याची घाईही नव्हती. डोंगर मोठा आहे, घरं पुष्कळ आहेत, म्हातारीचे पाय मजबूत आहेत. अडचण एवढीच की बायका आपापल्या वेळेला बाळंत होत आणि अर्धी गोष्ट घेऊन घरी जात. वरच्या गावांमध्ये आता या गोष्टीचे तुकडे पसरलेत. कुणाकडे पाणचक्कीचं घर आहे, कुणाकडे मधमाश्यांचं. नवी बाई खाली आली की गाठोडं खाली ठेवायच्या आधी विचारते, "बाई, करडू सापडलं का? जावेने मुद्दाम विचारायला सांगितलंय."

मी म्हणते, "नाही गं, अजून नाही."

संस्थेचे साहेब शहरातून पाहणीला आले तेव्हा त्यांनी याला 'शिक्षणाचा उपक्रम' म्हटलं. मी मान डोलावली. मला तर त्या दुपारी म्हणजे कुणीतरी आधी पाहून ठेवलेलं स्वप्न वाटायच्या. खाली चटयांवर बायका रेललेल्या, उन्हाचा तुकडा एकीच्या पोटावरून दुसरीच्या पोटावर सरकतोय, काचेबाहेर सगळं पांढरं. आणि सुयांचा आवाज. सिस्टर प्रत्येकीला लोकर देते, बाळासाठी टोपी विणायला. गोष्ट रंगली की सुया थांबतात. तेवढ्याने माझ्या अंगावर मूठभर मांस चढतं, खोटं कशाला बोलू?

घुमी आली ती सासूबरोबर. घुमी हे नाव थोरलीने ठेवलं, कारण आल्यापासून तिने तोंडातून ब्र काढला नव्हता. बोलली ती सासूच. "पहिलं वाटेत गेलं," सासू म्हणाली. "तेव्हा तुमचं हे घर नव्हतं. झोळीतून थेट शहराकडे नेत होतो, मधल्या वळणावर झालं. रडलंच नाही." मग तिने सुनेच्या पाठीवर हात ठेवला, बराच वेळ ठेवला, आणि उठून चालायला लागली.

सिस्टरने तपासलं आणि मला बाजूला घेतलं. "बाई, हिचं मूल आडवं आहे. इथे माझ्या हातून व्हायचं नाही. दवाखान्यात आधीपासून खाट अडवून ठेवत नाहीत, पण पहिली कळ आली की लगेच निघायचं. उशीर झाला तर दोघंही जातील." हेच तिने घुमीलाही सांगितलं, चांगलं डोळ्यांत डोळे घालून. घुमीने मान हलवली.

माझ्या गोष्टीला असा श्रोता पूर्वी लाभला नव्हता. बाकीच्या मध्येच हसत, भांडत, म्हातारीला सल्ले देत. घुमी खिडकीखाली पाठ टेकून बसे आणि माझ्या तोंडाकडे बघत राही. एकदा सगळ्या जेवायला उठल्यावर ती मागे रेंगाळली आणि हळूच म्हणाली, "धुक्यात त्याला थंडी वाजत असेल ना?" मी म्हटलं, "अगं, अंगावर दाट केस असतात त्याच्या." तिने यावर विचार केला. तिला ते पुरेसं वाटलं नसावं.

त्या दुपारी धुकं काचेला नाक लावून उभं होतं आणि मी रंगात आले होते. म्हातारी पुलाजवळच्या घरी पोचली होती. घुमीच्या सुया थांबल्या. मला बरं वाटलं. मग म्हातारी दगडावर बसून चपलेतला खडा काढते असं मी सांगत होते, तेव्हा त्या पुन्हा थांबल्या. खड्यात एवढं काय आहे, असं मनात आलं, पण म्हटलं, असेल, आपलं सांगणंच तसं. पुढे लांबून घंटा ऐकू आली. सगळ्यांच्या सुया थबकल्या, थोरलीने तर श्वास रोखला. आणि घुमी भराभरा विणत होती.

मला भलतीच शंका आली. खात्री करावी म्हणून मी मुद्दाम रटाळ सांगायला लागले. म्हातारीने पिशवीची गाठ सोडली. परत बांधली. पुन्हा सोडली. थोरली जांभई देत म्हणाली, "बाई, म्हातारीला झोप तरी येऊ द्या." तेवढ्यात घुमीच्या सुया थांबल्या. चेहरा तसाच, डोळे माझ्यावर, पण पायाची बोटं चटईत रुतली होती.

मी वाक्य अर्धं टाकलं. "घुमे, केव्हापासून?"

"पुढे सांगा ना, बाई."

"केव्हापासून, ते सांग आधी!"

तिने खाली बघितलं. "सकाळपासून."

सिस्टर धावत आली. तिने घुमीच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा उतरला. "तुला सांगितलं होतं ना! जीव नकोसा झालाय का?" घुमीने माझ्याकडे बघितलं. सांगायची गरजही नव्हती. कळ आली म्हणायची की जीप, जीपमध्ये बसायचं की गोष्ट संपली. आणि आदल्या संध्याकाळीच मी म्हणाले होते, उद्या बहुतेक सापडेल. मी रोजच तसं म्हणत असे. गोष्ट मी बायकांना थांबवायला काढली होती, आणि ही थांबली होती.

तिला उचलून जीपमध्ये मागे झोपवलं. तिने माझी बाही सोडली नाही, म्हणून मीही चढले. ड्रायव्हर काचेला चिकटून बसल्यासारखा वाकून गाडी चालवत होता, प्रत्येक वळणाला हॉर्न देत. बाहेर ना डोंगर ना दरी. झाड समोर येई, आपल्याकडे बघे आणि मागे विरून जाई. गाडी चालतेय की आपण एकाच जागी आहोत आणि धुकंच मागे जातंय, हे मला सांगता आलं नसतं. सिस्टर घुमीच्या पोटावर हात ठेवून ओठ आवळून बसली होती.

कळ ओसरली तशी घुमी म्हणाली, "करडू?"

"ते राहू दे आता."

"सापडतं ना?"

'सापडतं' हा शब्द अगदी जिभेवर होता. त्याने काय बिघडलं असतं? पण ती ज्या नजरेने बघत होती तिच्यापुढे मला खोटं बोलता येईना. "मला माहीत नाही गं," मी म्हटलं. "मी रोजचं रोज रचते. शेवट केलेलाच नाही."

ती बघतच राहिली. "म्हणजे तुम्हालाच ठाऊक नाही?"

"नाही."

"अहो बाई!" घुमी एवढ्या मोठ्याने ओरडली की ड्रायव्हर दचकला. "आणि मी सकाळपासून दात आवळून बसलेय!"

सिस्टरला तसल्यातही हसू फुटलं. मला रडू आलं. मी तिचा हात घट्ट धरला, आणि पुढच्या कळेला तिने माझी बोटं अशी पिळली की सगळा हिशोब चुकता झाला.

मग गाडी एकदम थांबली. धुक्यात घंटा वाजत होत्या. आधी एक, मग कितीतरी, चहूबाजूंनी. रस्ता शेळ्यांनी भरला होता. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला, पण त्या हटेनात. सिस्टर पांढऱ्या कोटासकट खाली उतरली आणि हुश हुश करत त्यांच्यात शिरली, आणि लगेच दिसेनाशी झाली. नुसता तिचा आवाज येत होता.

घुमीने मान उचलली. "इथंच," ती म्हणाली.

मला समजायला एक क्षण लागला. सासूने सांगितलेलं तेच वळण होतं हे.

दिव्यांच्या उजेडात एक करडू येऊन उभं राहिलं. पांढरं नव्हतं, करड्या रंगाचं, गळ्यात घंटाही नव्हती. ते गाडीकडे बघत राहिलं आणि घुमी त्याच्याकडे. कुणाला कसली घाई नसल्यासारखा तो वेळ होता. मग कुठूनतरी शेळी ओरडली, करडाने कान हलवले आणि ते धुक्यात निघून गेलं. घुमी परत आडवी झाली. गाल ओले होते. "चला," ती म्हणाली. "लवकर चला."

दवाखान्याच्या बाकावर मी बसून होते. समोरच्या दारावरचा रंग उडालेला होता, आणि त्या उडालेल्या रंगात मला डोंगर दिसत होते, घरं दिसत होती. पोर वाचू दे, पुन्हा गोष्ट म्हणून सांगणार नाही, असं मी कुणाला तरी कबूल करत होते. पोटावर शस्त्रक्रिया करून मूल काढलं. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मी उठून उभी राहिले. मग आतून आवाज आला, चिरका, रागावलेला, आणि मी परत बाकावर बसले. मुलगी होती.

कबूल केलेलं मी पाळलं. दुपारी नुसतीच टोपी विणत बसू लागले. बायका रुसल्या, थोरलीने तर अबोला धरला, आणि मागचं दार पुन्हा वाजू लागलं.

मग एके दिवशी घुमी आली, टाके सुकल्यावर, घरी जायच्या वाटेवर. पोरीच्या डोक्यावर तीच टोपी होती, मध्ये मध्ये घट्ट आवळून विणलेली. तेवढ्यात वरून एक नवी बाई उतरली, दमलेली, गाठोडं अजून खांद्यावर. तिने विचारलंच, "करडू सापडलं का?"

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सुयांकडे बघितलं.

"मी सांगते," घुमी म्हणाली.

खिडकीखाली आपल्या जागेवर ती बसली, पोरीला मांडीवर घेऊन. "नाही सापडलं," ती म्हणाली. "म्हातारी वळणावर पोचली, तिथं घंटा वाजत होत्या, पण तिच्या करडाची नव्हती. मग ती तिथंच बसली. खूप रडली. लोक म्हणाले, आता घरी जा. ती म्हणाली, नाही, मी इथं घर बांधते. माझं गेलं ते गेलं. पण धुकं रोज उतरतं. कुणाचं ना कुणाचं करडू या वाटेने येईलच. मी दार उघडं ठेवते, आत घेते, अंग पुसते, आणि त्याची आई येईपर्यंत धरून ठेवते."

नव्या बाईने गाठोडं खांद्यावरून काढलं आणि खाली ठेवलं.

"आणि मग?" थोरलीने विचारलं.

"मग काय? अजून तिथंच आहे ती," घुमी म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली. "थांबलात का बाई? विणा की."

माझ्या सुया केव्हाच थांबल्या होत्या.