सतरा नंबरची मुलाखत

समाजशास्त्राच्या एक बाई वय झालेल्या कामगार बायकांच्या मुलाखती घेतात आणि मी त्या ऐकून टाइप करते. नावं नसतात, नुसते नंबर. मला काय, लोकांच्या घरात नाक खुपसायचा पगार मिळतो. कोणाची सून कशी, कोणाचे गुडघे कसे, सगळं कानात. बाहेर अवाक्षर काढायचं नाही, तशी सहीच दिलीय मी.

परवा सतरा नंबर लावला आणि हात थांबले. आमची ताई! चाळीस वर्षं लॉन्ड्रीत चादरींना इस्त्री करणारी माझी सख्खी ताई. बंद करायला हवं होतं, कळत होतं मला. पण मी कुठली करतेय.

बाईंनी विचारलं, शाळा का सोडली? ताई म्हणाली, डोकंच नव्हतं. हेच ऐकत मी मोठी झाले. ताई मठ्ठ, धाकटी हुशार. तिचे अर्ज अजून मीच भरते, वर चार शब्द सुनावते.

मग कपांचा आवाज आला. चहा घेत असाव्यात, रेकॉर्डर मात्र चालूच राहिलेला. ताई हळूच म्हणाली, "एकीलाच पुढे शिकवणं जमणार होतं. मी गणिताचा पेपर कोरा दिला. सगळा येत होता. हे लिहू नका हं, धाकटीच्या जिवाला लागेल."

लागलंच. हमसून हमसून रडले मी. मग बाईंना सांगितलं, ही माझी बहीण, आणि शेवटचं लिहू नका म्हणालीय. त्या म्हणाल्या, काढून टाका. काढलं.

आता ताईला विचारता येईना आणि गप्पही बसवेना. शिवाय एकच किडा डोक्यात वळवळत होता. ते गणित अजून येतं का तिला?

रविवारी तिच्या निवृत्तीचा अर्ज घेऊन गेले. चष्मा विसरलाय म्हटलं, तूच भर. चष्मा पर्समध्येच होता. मला कुठलं जमतंय, असं पुटपुटत तिनं पेन घेतलं. नोकरीची वर्षं, मधल्या बिनपगारी रजा वजा. ओठ जरा हलले, बस्स. एकेचाळीस वर्षं, सात महिने, बारा दिवस. मी घरी कॅल्क्युलेटरवर दोनदा करून तेच काढलं होतं.

"मागच्या अर्जात तू दोन महिने कमी धरले होतेस," ती म्हणाली.

"मग तेव्हाच बोलली का नाहीस?"

ताईनं पेनाला टोपण लावलं. "तू एवढं मन लावून लिहीत होतीस."