बाबांचं उत्तर बाद

धाकटीच्या सर्वेक्षणाला कुत्रं विचारत नव्हतं. दाताच्या दवाखान्याने तपासणीचा निरोप गोड शब्दांत पाठवला तर लोक जास्त येतात की दरडावून पाठवला तर, एवढंच तिला शोधायचं होतं. लिंक उघडली की दोहोंपैकी एक निरोप दिसे आणि खाली प्रश्न. सोमवारी कॉलेजात तिच्या विभागात निकाल मांडायचे होते आणि ठरलेल्या संख्येच्या निम्मीही उत्तरं आली नव्हती.

शनिवारी दुपारी मात्र उत्तरांची रीघ लागली. चहाच्या वेळेला संख्या पुरी झाली. धाकटीचा आनंद गगनात मावेना. मग तिने उत्तरं वाचायला घेतली. 'निरोप नम्र वाटला': पूर्ण सहमत. 'निरोप उद्धट वाटला': पूर्ण सहमत. पुढचं उत्तरही तसंच, त्याच्या पुढचंही. न वाचता बटणं दाबणारा सापडावा म्हणून असा उलटा प्रश्न तिनेच पेरला होता, आणि त्यात सापडेल तो बाद, हा नियमही आधीच लिहून दिला होता.

स्वयंपाकघरात बाबा मिशीतल्या मिशीत हसत होते. जन्मभर त्यांनी लोकांना गाडी शिकवली. कच्चा आहे म्हणून सख्ख्या मेव्हण्यालाही परवान्याच्या परीक्षेला जाऊ दिलं नव्हतं. स्वतः उत्तर भरून त्या सगळ्या जुन्या शिष्यांना त्यांनी लिंक पाठवली होती. पोरीच्या शिक्षणाचा प्रश्न आहे, डोळे मिटून 'पूर्ण सहमत' दाबा, असं वर बजावलंही होतं, हे त्यांनीच तिला फुशारकीने सांगितलं.

ही उत्तरं ठेवली असती तर सोमवार निभावला असता, एकेक तपासायला कोण बसलं होतं? पण धाकटीने ती सगळी गाळली. मग विभागातल्या मॅडमना फोन करून खरं ते सांगितलं. निकाल मांडणं महिनाभर पुढे गेलं.

"बाबा, तुमचं उत्तरही काढलंय मी."

"माझं? सख्ख्या बापाचं?"

"उलट्या प्रश्नात सापडलात तुम्ही."

बाबांचं तोंड एवढंसं झालं. ते गॅलरीत जाऊन बसले. धाकटीला फार वाईट वाटलं, पण गाळलेलं तिने परत घेतलं नाही.

थोड्या वेळाने आई आपला फोन घेऊन आली. "वाच. छाती फुगवून बसलेत बाहेर."

बाबांनी सगळ्यांना नवा निरोप धाडला होता. आधी भरलंय त्यांनी पुन्हा भरू नये. बाकीच्यांनी नीट वाचून, मनात असेल तेच लिहावं. आमच्या धाकटीकडे वशिला चालत नाही, तिने माझंही उत्तर बाद केलं. अगदी माझ्यावर गेली आहे.