वाळूबाबांचा खोकला

द्वारका चौकाजवळच्या त्या दवाखान्यात वाळूबाबांइतका गुणी पेशंट प्रतिभा सिस्टरनं पाहिला नव्हता. हरसूलकडचा साठीचा माणूस. कॅन्सरमुळे फुफ्फुसाचा एक तुकडा काढलेला, बरगड्यांतून नळी बाहेर आलेली, पण कण्हणं नाही की कुरकुर नाही. बाकीचे तर बेलवरचं बोट काढायला तयार नसत.

रोज सकाळी प्रतिभा म्हणायची, "बाबा, खोका बघू." ऑपरेशननंतर आत साचलेला कफ खोकूनच बाहेर पडतो, नाहीतर न्यूमोनिया ठरलेला, हे तिला झोपेतही पाठ होतं. वाळूबाबा नुसते हसायचे. त्यांची बायको नवसाबाई पुढं सरसावून सांगायची, "खोकला पार गेला, बाई! एकदा बी नाय आला."

प्रतिभाच्या मनात पाल चुकचुकायची. पण बावीस पेशंट आणि दोन नर्स. दुखतं म्हणून टाळत असतील, दुपारी बसवून खोकायला लावू, असं म्हणून ती पुढच्या खाटेकडं वळायची. ती दुपार चार दिवस आलीच नाही.

पाचव्या दिवशी वाळूबाबांना ताप भरला, धाप लागली. एक्स-रेत छाती कफानं भरलेली दिसली. तासाभरात ते आयसीयूत गेले, घशात नळी घालून व्हेंटिलेटरवर. "फार आशा धरू नका," डॉक्टर प्रतिभाला म्हणाले.

नवसाबाई पिशवी आवरायला वॉर्डात आली. "बाई, आमचं काय चुकलं?"

"काही नाही हो मावशी," प्रतिभा म्हणाली. चूक आपली आहे हे तिला कळत होतं, आणि ते बोलायची हिंमत होत नव्हती.

शेजारच्या खाटेवर लताबाईचा नवरा होता, कालच ऑपरेशन झालेला. जाता जाता नवसाबाई लताबाईजवळ थांबली. हळूच म्हणाली, "ह्यांना खोकला आला तं दाबून धराया लाव. तोंडात पदर कोंब. ते पलीकडचे ढुंढिराजकाका खोकत व्हते, त्यांना परत आपरेशनला आत नेलं. शिस्टर रोज त्येच बघत्यात, खोकला ऱ्हायला का म्हणून. दिसला का घरी सोडत नाय. म्या आमच्या ह्यांना चार दिस खोकूच दिलं नाय."

मागं उभ्या प्रतिभानं ते ऐकलं. ती औषध म्हणून खोकायला सांगत होती आणि ही दोघं रोज परीक्षा देत होती. आता गप्प राहावं तर दुसरा माणूस हकनाक जाणार, बोलावं तर ह्या बाईला जन्मभर जाळणार. ती नवसाबाईचा हात धरून खाटेवर बसली आणि जे होतं ते सगळं तिनं दोघींना सांगितलं.

नवसाबाई रडली नाही. पदर कोंबणाऱ्या स्वतःच्या हाताकडं तिनं पाहिलं.

"म्हंजी म्याच मारलं त्यांना."

"नाही मावशी..."

"तुम्ही रोज यायच्या, बाई. खोका म्हनायच्या. कशापायी खोकायचं, त्ये एक डाव तरी सांगितलं का?"

लताबाईनं घाबरून नवऱ्याला उठवून बसवलं होतं. तो कळवळत, जीव खाऊन खोकू लागला, आणि नवसाबाई दोन्ही कानांवर हात दाबून फरशीवर बसली.