वाडग्यातलं काळीज

१९७४ च्या उन्हाळ्यात कागल रस्त्याकडेच्या माळावर मांडव घातला होता आणि आत पाय ठेवायला जागा नव्हती. पाटावर पितळी वाडगा. वाडग्यातल्या पाण्यात बोराएवढा तांबूस मांसाचा गोळा होता, आणि तो धडधडत होता. आकसायचा, फुगायचा, परत आकसायचा. पुढच्या बायका तोंडाला पदर लावून मागं सरत होत्या. मागचे बघायला रेटत होते.

"फांदी छाटली तर झाडाला कोंब फुटतोय का न्हाय?" अंकुरमहाराज विचारत होते. "मग माणसाच्या काळजाला का फुटू नये? डॉक्टरला कापाय येतंय, उगवाय येत न्हाय. ह्यो बघा सयाजीच्या काळजाचा कोंब. मी मंतर म्हणतो, त्यो पळाय लागंल."

डोळे मिटून पुटपुटत त्यांनी तांब्यातलं पाणी वाडग्यात सोडलं. गोळा भराभर उडू लागला. सगळ्या मांडवानं हात जोडले.

सयाजी पुढंच बसला होता. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत साचे करणारा धिप्पाड गडी. महिन्याभरापूर्वी भट्टीसमोर छातीत कळ येऊन पडला. डॉक्टरांनी वाचवलं आणि घरी सोडताना खरं तेच सांगितलं. रक्त न मिळाल्यानं हृदयाच्या स्नायूचा एक तुकडा मेलाय, तो परत उगवत नाही. तिथं वण धरतोय, तो घट्ट होईपर्यंत जपायचं. सयाजीनं त्यातलं एकच घरी आणलं. तुकडा मेलाय. दिवसभर छातीवर हात ठेवून पडायचा, ठोका चुकल्यासारखा वाटला की घामानं भिजायचा. त्याची आई, आक्का, 'महाराज नवं काळीज देत्यात' म्हणाली, तसा तो मुकाट्यानं तिच्या मागं निघाला.

बायको शालनची भीती वेगळी होती. महाराजांनी गोळ्या बंद करायला लावल्या होत्या. आणि आज सगळ्यांदेखत भरली घागर खांद्यावर घेऊन माळाला फेरी मारायची होती, कारण नवं काळीज कामाला लावलं नाही तर म्हणे वाळतं. तिनं शेजारच्या मेहरुन्निसाबाईंना सोबत आणलं होतं. त्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायच्या.

"बाई, घागर उचलली तर मरंल की ओ त्यो," शालन कुजबुजली. "माझं कोण ऐकंना."

बाई वाडग्याकडं टक लावून बघत होत्या. एवढ्या भाविकांत एकट्या बाईनं उलटं बोलायचं होतं.

सयाजीनं घागर खांद्यावर घेतली आणि मांडवाच्या तोंडापर्यंत जाईतो त्याचं तोंड पांढरंफटक पडलं. शालननं धावत जाऊन घागरीला हात घातला. "ठेवा खाली."

"मोडता घालू नगंस," आक्का कळवळून म्हणाली. "काळीज वाळंल त्याचं."

तेवढ्यात बाई पाटापाशी पोचल्या. "महाराज, मी पाणी ओतू का?"

"मंतर येतोय तुमास्नी?"

"येत नाही. म्हणूनच ओतून बघते."

त्यांनी शेजारच्या माठातलं गार पाणी वाडग्यात ओतलं. गोळा मंदावला. दोन ठोक्यांत एवढं अंतर पडू लागलं की आता थांबणार असं वाटावं.

"मारलं माझ्या लेकाला," आक्का रडू लागली. ते ऐकून सयाजी छाती धरून मटकन खाली बसला. डोळे वाडग्यावर, ओठ निळसर. बाईंच्या मनात आलं, नुसत्या भीतीनंच हा माणूस जातोय की काय? त्या त्याच्याजवळ बसल्या आणि त्याचीच बोटं त्याच्या मनगटावर दाबून धरली.

"तिकडं बघा, थांबत आलंय. आणि इथं काय लागतंय बोटाला?"

त्यानं बोटं आणखी दाबून बघितली. मग म्हणाला, "उडतंय."

"जोरात?"

"व्हय. लई जोरात."

"मग ते काळीज तुमचं कसं?"

शालननं कनवटीला लपवलेली डॉक्टरांची गोळी काढून त्याच्या जिभेखाली ठेवली. बाईंनी महाराजांचा तांब्या पुढच्या माणसांच्या हातात दिला. "हात लावा. गरम आहे ना?" त्यांनी तेच पाणी वाडग्यात ओतलं. मंत्र कुणी म्हटला नाही, तरी गोळा पळू लागला.

"हे कासवाचं हृदय असावं. मिठाच्या पाण्यात ठेवलं तर बाहेर काढूनही तासन्तास चालतं. ऊब दिली की जोरात, गारव्यात सावकाश. आम्ही वर्गात बेडकाचं दाखवतो."

"श्रद्धा न्हाय तितं कोंब..." महाराज बोलू लागले. सयाजीच्या फौंड्रीतल्या भाऊसोनं मागचा पडदा ओढला. ओल्या पोत्याखाली घमेल्यात दोन जिवंत कासवं होती आणि शेजारी कासवाचं एक फोडलेलं कवच. लोकांनी परत वळून बघितलं तर महाराज पसार झाले होते.

"म्हंजे माजं मेलेलंच ऱ्हाणार," सयाजी म्हणाला.

"तेवढा तुकडा उगवणार नाही. खोटं कशाला सांगू? पण जखमेवर वण धरतो तसा आत धरतोय. कच्च्या वणावर भार टाकला तर हृदय फाटू शकतं. घट्ट झाला की बाकीचा चांगला स्नायू काम ओढतो. डॉक्टर सांगतील तसं हळूहळू चालायचं."

सयाजी हमसून रडला. त्याला टेंपोत घालून सरळ दवाखान्यात नेलं. पावसाळा सरता सरता तो कामावर गेला, पण भट्टीपासून लांब, बसून करायच्या कामाला. पूर्वीचं बळ काही आलं नाही. भीतीही पुरती गेली नाही. पण तो गोळी घ्यायचा, चालायचा, आणि मनात आलेली शंका डॉक्टरांना विचारायचा.

मेलेलं काळीज उगवून देणारे उद्या दुसऱ्या नावानं दुसऱ्या माळावर मांडव घालतील. आपलं माणूस आजारी असलं की भीती वाटणारच, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण जो प्रश्न विचारू देत नाही, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका.