सिस्टरांची सून

मोरीच्या कठड्याला धरून सुनेने सकाळपासूनची अकरावी उलटी केली. पोटात काही नव्हतंच. हिरवट पित्त तेवढं पडलं.

सासूबाई दारात उभ्या होत्या. पस्तीस वर्षं प्रसूतिगृहात सिस्टर म्हणून काढलेली बाई. गरोदरपणाच्या बाबतीत घरात त्यांचा शब्द शेवटचा, आणि तो ठरलेला होता: उलट्या सगळ्यांनाच होतात. सुनेचा तिसरा महिना सरत आला होता. गेले नऊ दिवस तिच्या पोटात पाणीसुद्धा ठरत नव्हतं. नवरा आईच्या तोंडाकडे बघून मान डोलवायचा. त्याला स्वतःचं मत असं कधी नव्हतंच.

"मला दवाखान्यात न्या," सून म्हणाली. "कालपासून लघवीसुद्धा झालेली नाही. बाळाला काही झालं तर..."

"बाळाला काही होत नाही. ते आईकडून बरोबर काढून घेतं. आम्ही उलट्या करत ड्यूटीवर जायचो. तुम्हाला जरा खुट्ट झालं की सलाईन पाहिजे! ऊठ, नाटकं पुरे झाली."

त्यांनी तिचा हात धरून तिला ओढून उठवलं. उठवताना जुन्या सवयीने त्यांच्या बोटांनी तिच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरली आणि सोडली. कातडी खाली बसेना. उभीच राहिली.

त्यांनी दुसरा हात ओढला. तिथेही तेच. अंगातलं पाणी आटलं की असं होतं, हे त्यांनी शिकाऊ मुलींना कितीदा तरी शिकवलं होतं.

"गाडी काढ!" त्या मुलावर ओरडल्या. "बघत काय उभा राहिलास?"

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई त्यांना बघून खुर्चीतून उठल्या. शिकत असताना यांच्याच हाताखाली त्यांनी पहिलं बाळंतपण केलं होतं.

"कधीपासून होतंय, सिस्टर?"

"दोन दिवस झाले असतील. मी म्हणतच होते, दाखवून येऊ. पण आजकालच्या मुली ऐकतात कुठे?"

खाटेवर पडल्यापडल्या सुनेच्या मस्तकात तिडीक गेली. पण जीभ टाळूला चिकटली होती. सलाईनची बाटली अर्धी झाली तेव्हा कुठे ती सुटली. यंत्रावर बाळाचे ठोके ऐकू आले तेव्हा तिला हुंदका आवरला नाही.

"बाळ ठीक आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि मग तिच्यावर रागावल्या. "घरात सिस्टर असताना इतका उशीर करतं का कोणी?"

"सिस्टर घरात होत्या, म्हणूनच झाला," सून म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. "तेही खरं. घरचंच माणूस असलं की आपण निर्धास्त राहतो."

सासूबाई सलाईनचा वेग बघायला वळल्या. तो आधीच बरोबर लावलेला होता.