बोलायचा सोमवार

मी युद्धनौकेवरच्या वायरलेसचा माईक बोलतोय. आजवर इतरांचंच बोललो, आज थोडं स्वतःचं.

कारखान्यातून निघालो तो थेट समुद्रावर. तोफा, क्षेपणास्त्रं यांच्या शेजारी टांगलेला मी मूठभर जीव. नवखे खलाशी तोफेजवळ फोटो काढायचे, माझ्याजवळ कुणी नाही. पण आमचे कॅप्टन धीरज साहेब म्हणायचे, "तोफेच्या आधी हा." तेवढ्यावर माझी छाती फुगायची.

मला सांभाळायचा तळोद्याचा कुंदन. तो नौदलात लागला तेव्हा त्याच्या आईनं, छबूबाईंनी, महादेवाला नवस बोलला होता : सोळा सोमवार, सूर्य मावळेपर्यंत मायलेकांनी मौन धरायचं. नौदलात बंदूक चालवायची, तिथे तोंडाचं काय काम, असं त्या माउलीला वाटलेलं.

जहाज बंदरात होतं. मला पुसता पुसता कुंदन फोनवर सांगत होता, "माय, मन्हं कामच बोलानं शे. मौन कसं धरू?"

 पलीकडून छबूबाईंचा आवाज आला, "मंग तू बोल, भाऊ. तुन्हा वाटानं मौनबी मीच धरसू. सोळाना बत्तीस सोमवार. तुन्हा बाप ते खूश शे, म्हने आठ दिनमा एक दिन तरी घर शांत ऱ्हाई."

कुंदन हसला. पण त्या दिवसापासून सोमवारी मला हातात घेताना आधी कपाळाला लावायचा.

अशाच एका सोमवारी सकाळी धुकं दाट होतं. शेजारच्या देशाची युद्धनौका सरळ आमच्या अंगावर येत होती. त्यांच्याशी आमचे संबंध ताणलेले. त्यातच आमचं हेलिकॉप्टर परतत होतं, आणि त्याची वाट त्यांच्या माथ्याजवळून. त्यांना तो हल्ला वाटला असता तर? हेलिकॉप्टरमध्ये आमची चार माणसं होती.

धीरज साहेब म्हणाले, "एकही तोफ वळवायची नाही. कुंदन, सांग त्यांना."

कुंदननं इंग्रजीत सांगितलं, "आम्ही उजवीकडे वळतोय. आमचं हेलिकॉप्टर फक्त आमच्या डेकवर उतरतंय. तुमचा बेत कळवा."

उत्तर नाही. पुन्हा सांगितलं. नाही. चौथ्यांदा त्याच्या बोटाखाली माझं बटण घामानं निसरडं झालं. पण शब्द तेच, आवाज तसाच, ना दरडावणी ना विनवणी.

पाचव्यांदा माझ्या शेजारच्या स्पीकरमध्ये खरखर झाली. "ऐकलं. आम्हीही उजवीकडे वळतो. तुमचं हेलिकॉप्टर उतरू द्या."

दोन्ही नौका एकमेकींना डावीकडे ठेवून गेल्या. धुकं विरळ झालं होतं, पलीकडच्या खलाशांची तोंडंसुद्धा दिसली. त्यांच्यातल्या एकानं हात वर केला. हेलिकॉप्टर उतरलं. चौघं चहा प्यायले.

बंदरात आल्यावर कुंदननं फोनवर ही हकिकत सांगितली, तेव्हा छबूबाईंनी विचारलं, "काय बोलना रे तू त्या सोमवारना?"

"काही नही माय. रस्ता दिधा, रस्ता लिधा."

आता माझी वायर झिजली आहे. जागेवर नवा माईक आला, मी भांडारातल्या डब्यात आहे. जे घडलंच नाही त्याचं पदक कुणाला मिळत नाही, आणि मला त्याचं वाईटही वाटत नाही. माझ्यातून एकदाही शिवी गेली नाही, एवढा मान मला पुष्कळ.

त्या नव्या माईकला कुणी भेटलात तर माझा निरोप द्या : समोरून उत्तर आलं नाही, तर सहाव्यांदाही सांग. पलीकडेही कुणाचा तरी लेक कान देऊन उभा असतो.